दुपारची पाळी

चंद्रपूर

सांगलीहून निघताना मी घरी सांगितलं होतं, आठ दिवस जंगलात हिंडते, एका कागदावर सही करते आणि परत येते. हिंडणं झालं. सहीही झाली, पण जी करीन म्हणून निघाले होते तिच्या बरोबर उलट.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली बाई. उभी नोकरी कालव्याचं पाणी मोजण्यात गेली. कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी छाया मेश्राम पुढे वडशाला शिक्षिका झाली. निवृत्तीनंतर ती जवळच्या एका गावाच्या ग्रामसभेची कागदपत्रं बघते. गावाचं नाव मी बदलते आणि येनटोला म्हणते. या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळालेला आहे. पुण्याची एक संस्था गावाच्या वरच्या अंगाच्या विरळ जंगलात निलगिरीसारखी झपाट्यानं वाढणारी झाडं लावू म्हणत होती. हवेतला कार्बन झाडांनी ओढून घ्यायचा, असा बेत. पाण्याला धोका नाही असं कुणा जाणकाराकडून लिहून आणा, तरच विचार करू, अशी ग्रामसभेनं अट घातली होती.

छायानं माझं नाव सुचवलं आणि मला फोनवर सांगितलं, "खरं काय ते लिही, पण येऊन बघून लिही." मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. झाडं लावली की पाणी वाढतं, हे वाक्य मी स्वतः खात्याच्या किती भिंतींवर रंगवून घेतलं असेल त्याची गणती नाही.

चंद्रपुरात उतरले तेव्हा फेब्रुवारी संपायचा होता आणि ऊन आमच्याकडच्या एप्रिलचं होतं. चांदाफोर्ट स्टेशनवरून गाडी पकडायची होती. रिक्षातून जाताना ताडपत्री टाकलेले कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते. रस्त्याकडेच्या कडुनिंबाची पानं काळी होती, बोट फिरवलं तर बोट काळं. लांबवर चिमण्या धुराचे लोट सोडत होत्या. मी काही साधू नाही. सांगलीतला माझा पंखा, फ्रिज, मिक्सर याच धुरावर चालतो. पण जमिनीतून काढायचं इथे, जाळायचं इथे, आणि गिळायला सांगायचं शेजारच्या जिल्ह्यातल्या झाडांना, ही वाटणी कुणी केली, असं मला त्या रिक्षात पहिल्यांदा वाटलं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली आणि विचार तिथेच राहिला.

वडसा

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत गाडी वैनगंगा ओलांडते आणि वडसा येतं. स्टेशनाबाहेर भाताच्या गोदामांचा कोंड्याचा वास आणि भिंतभर नाटकांची पोस्टरं. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम संपत आला होता. पोस्टरांवरच्या नायिका सगळ्या रडत होत्या आणि सगळ्यांच्या हातात काहीतरी हत्यार होतं. मला ते आवडलं.

छायाच्या घरी गेल्यागेल्या तिनं सांबार निवडायला दिला. म्हणजे कोथिंबीर. मग विचारलं, पोपटाची भाजी चालेल ना? मी हातातली जुडी खाली ठेवली. पोपट म्हणजे वालासारख्या शेंगा, हे ताट समोर आल्यावर कळलं. लाखोरीचं वरण, पोपटाची भाजी आणि भाताचा डोंगर. पोळीचं नाव नाही. आमच्याकडे भाकरी संपत आली की भात मागतात, इथे भात संपला की पुन्हा भात.

जेवताना छायानं एकच गोष्ट सांगितली. गावात दोन बोअर आहेत. एकीला गंजासारखं लाल पाणी येतं आणि दुसरी होळीनंतर नुसती फुसफुसते. मग पावसापर्यंत अख्खं गाव नाल्यातल्या एका झिऱ्यावर जगतं. तो आटला तर टँकर येईल असा रस्ताही नाही.

येनटोला, पहिले चार दिवस

झिरा म्हणजे नाल्याच्या कोरड्या वाळूत खणलेला खड्डा. वाळू ढासळू नये म्हणून त्यात तळ कापलेला तेलाचा पिंप बसवलेला. खालून पाणी झिरपतं, बायका वाटीनं उपसून गुंडीत, म्हणजे घागरीत, भरतात. सगळा कारभार वाटीवाटीनं चालतो.

त्याच्या वरचा उतार म्हणजे संस्थेच्या भाषेत 'पडीक जागा'. साग, येन, तेंदू, मोह, चारोळी, आणि मध्ये मध्ये गवत. साग पार उघडा झाला होता. पायाखाली त्याच्या पानांचे पापड मोडत होते. पळस तेवढा फुलला होता. माझ्या सांगलीच्या डोळ्यांना ते रान मेल्यासारखं दिसलं, हे मी कबूल करते. इथे काहीतरी हिरवं लावलंच पाहिजे, असंच कुणालाही वाटेल.

मोजणीची माझी पद्धत पक्की. रोज सकाळी आठला झिऱ्यावर जायचं, पिंपातल्या ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी उपसायचं आणि एका गुंडीइतकं पाणी पुन्हा चढायला किती वेळ लागतो ते फोनवर बघायचं. पहिल्या दिवशी तिथे सगुणाबाई होत्या. साठीच्या, काटक, डोक्यावर चुंबळ. माझी वही बघून त्यांनी विचारलं, "काऊन मोजून राह्यल्या बाई? पानी का पळून चाललं?"

दुसऱ्या दिवशी फोन झिऱ्यात पडला. सगुणाबाईंनी तो वाटीनं अलगद काढला, पदरानं पुसला आणि घरी नेऊन धानाच्या कणगीत खुपसला. तो पुन्हा काही बोलला नाही. छायानं मला तिचं सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ दिलं.

चार दिवसांत एक गंमत झाली. पावसाचा थेंब नव्हता, ऊन रोज चढत होतं, आणि पाणी मात्र रोज थोडं लवकर चढत होतं. कालव्याच्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो: इथे पाणी मुबलक आहे. मी दाखल्याचा मसुदा लिहूनही टाकला. वृक्षलागवडीस हरकत दिसत नाही. खाली जागा सोडली सहीला.

संध्याकाळी सगुणाबाईंच्या अंगणात काळा चहा पिताना मी मोठ्या ऐटीत त्यांना म्हटलं, पाणी वाढतंय.

"वाढनच ना," त्या म्हणाल्या. "सागानं पान टाकलं. झाड उपाशी बसलं म्हून पानी उरलं. अन् तुमी सकाळीच येता. दुपारी या, मंग सांगा."

मी हसले. पाणी म्हणजे काय दुकान आहे, दुपारी बंद व्हायला? तेव्हा त्या उठल्या, मला समाजमंदिराच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंतीवर खडूनं दोन रांगा आखलेल्या होत्या. एकीच्या डोक्यावर सकाळ, दुसरीच्या डोक्यावर दुपार. खाली घरांची नावं. दर बाजाराच्या दिवशी सकाळची घरं दुपारच्या रांगेत जातात आणि दुपारची सकाळच्या. सगुणाबाईंच्या सासूच्या काळी खडू नव्हता तेव्हा हेच दगड मांडून चालायचं. कारण सकाळी गुंडी पटकन भरते आणि दुपारी नाही. कुणा एकाच घरावर कायम दुपार येऊ नये म्हणून ही पाळी.

पिढ्यान्‌पिढ्या अख्खं गाव ज्या फरकावर रांगा लावत आलं, तो मला चार दिवसांत दिसला नव्हता. कालवा सकाळी तोच आणि दुपारी तोच, म्हणून मी रोज एकाच वेळी मोजत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मसुद्याचा कागद मी तिथल्या तिथे फाडला. सगुणाबाईंनी तुकडे गोळा केले आणि चुलीसाठी ठेवले.

पाचवा दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत

या दिवशी मी झिऱ्यावरून हललेच नाही. उजाडताना गुंडी चार मिनिटांत भरली. दहाला सहा मिनिटं. एक वाजल्यानंतर मी घड्याळाकडे बघून बघून कंटाळले, दहा मिनिटं उलटून गेली तरी पाणी खुणेच्या खालीच. ऊन उतरल्यावर ते हळूहळू सुधारायला लागलं. नाल्याच्या काठावर जांभूळ आणि करंज होते, हिरवेगार. सगुणाबाईंनी त्यांच्याकडे हनुवटी केली आणि म्हणाल्या, दुपारी ते पितात, म्हणून आपल्याला कमी.

हे शास्त्र मला येत होतं. आयुष्यात कधी जोडून बघितलं नव्हतं, एवढंच. झाडाच्या पानाला बारीक बारीक तोंडं असतात. हवेतला कार्बन आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी बाहेर उडतं. दोन्हीचा दरवाजा एकच. ऊन फार तापलं की झाड तोंड मिटून घेतं, मग पाणी वाचतं, पण कार्बनही येत नाही. साग त्याच्यापुढे जातो. पाणी कमी झालं की पानंच टाकून देतो आणि निमूट उभा राहतो. मला जे रान मेलेलं वाटलं होतं ते उपास करत होतं, आणि त्याच्या उपासावर खालचं गाव पाणी भरत होतं. बारमाही हिरवं झाड उपास करत नाही. ते वैशाखातही पीत राहतं.

सगुणाबाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. मोह पाणी पीतच नाही, तो फक्त देतो, असं त्या छातीठोकपणे म्हणाल्या. मी नाही म्हटलं, आणि आम्ही त्यावर चांगलं तासभर भांडलो. मोहाबद्दल त्या काही ऐकून घ्यायला तयार नव्हत्या. पण आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. पूर्वी साग शिमग्यापर्यंत मोकळा होऊन जायचा आणि चैतात पालवी धरायचा. आता माघातच अवकाळी पाऊस पडतो, साग फसतो, मधेच कोंब काढतो, आणि लगेच ऊन ते करपवून टाकतं. "झाडालेच समजून नाई राह्यलं केव्हा उठाचं अन् केव्हा झोपाचं," त्या म्हणाल्या.

सहावा दिवस, टेकडीपलीकडे

सगुणाबाईंचं माहेर टेकडीमागच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर. त्या मला तिकडे घेऊन गेल्या. दोन तासांची चाल, वाटेत माझी चप्पल तुटली आणि पुढचा रस्ता मी पळसाच्या सालीनं ती पायाला बांधून केला.

तिथे फार वर्षांपूर्वी लावलेली निलगिरी आहे. लांबून छान दिसते. सरळ रांगा, पांढरी खोडं, वर हिरवागार शेंडा. आत शिरलं की कळतं, गवत नाही, तेंदू नाही, पाखराचा आवाज नाही. खाली नाला होता. सगुणाबाई वाळूत एका जागी जाऊन उभ्या राहिल्या. वाळूतून गंजलेल्या पिंपाची कड वर आलेली होती. आत कोरडी पानं.

"माह्या मायचा झिरा," त्या म्हणाल्या.

लग्न होईपर्यंत त्यांनी तिथूनच पाणी भरलं होतं. आता माहेरच्या बायका पार रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जातात. त्या खाली बसल्या, पिंपातली पानं मूठमूठ काढली, तळाची वाळू चाचपून पाहिली आणि हात झटकला. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

मोजणारी बाई म्हणून मला हेही सांगितलं पाहिजे की एका कोरड्या झिऱ्यावरून निकाल देता येत नाही. खडक वेगळा असेल, पाऊस कमी झाला असेल. पण त्या वाळूत उभं राहून 'हरकत दिसत नाही' असं लिहिणारा हात माझा असणार नव्हता.

ग्रामसभा

सातव्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली सभा भरली. संस्थेतर्फे अमेय आला होता. तिशीचा, सभ्य, स्टीलची बाटली घेऊन. मला वाटलं होतं एखादा बनेल माणूस असेल, आणि मी भांडायची तयारी करून गेले होते. पण त्याला खरोखरच पृथ्वीची काळजी होती. तो बोलला ते कळकळीनं बोलला. हवा तापतेय, कुणीतरी झाडं लावलीच पाहिजेत, आणि इथे जागा मोकळी आहे.

मी त्याला विचारलं, मोकळी म्हणजे काय? कार्बन या जमिनीत आहेच. मुळांत आहे, कुजलेल्या पानांत आहे. मशीन लावून खड्डे खणले तर तो आधी बाहेर पडेल. आणि तुमचं झाड जितका जास्त कार्बन घेईल तितकं जास्त पाणी पिईल. तुमच्या कागदावर कार्बन आहे, पाणी कुठे आहे? तो म्हणाला, पाण्यासाठीच तर तुमचा दाखला मागितलाय. मी दाखला वाचला. झिऱ्याच्या वर बारमाही हिरवी, भराभर वाढणारी झाडं लावू नयेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली मोजणीच्या वेळा. मोजणी करणारे म्हणून दोन नावं, पहिलं सगुणाबाईंचं.

तेव्हा गावाच्या जंगल समितीचे अध्यक्ष देवरावभाऊ उठले. पन्नाशीचे, शांत. ते लागवडीच्या बाजूनं होते आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं.

"मले हौस नाई बाई," ते म्हणाले. "दरसाल लोकं मिरची तोडाले तेलंगणात जातात. गावात म्हातारे तेवढे राह्यतात. इथी काम निघालं तर राहतील. अन् तुमी पाचच दिस मोजलं. चैतात पालवी फुटल्यावर किती पानी राहते, ते सांगा."

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. मिरचीचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं, त्याच्या खालची जागा आजही कोरी आहे. सभेत कुजबुज सुरू झाली, आणि ती माझ्या बाजूची नव्हती. पुरुषांच्या बाजूला दोघातिघांनी मान डोलावली. देवरावभाऊंनी हात वर करायला सांगितले.

सगुणाबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. आवाज चढवला नाही.

"लावू ना झाडं. खड्डे खंदाले मी बी येईन. पन ज्याचा हात वर जाईल, त्याच्या घरले दुपारची पाळी. कायमची. बदलाची नाई. अन् घरच्या बाईनं नाई जायचं. ज्याचा हात, त्यानंच गुंडी घेऊन जायचं."

सगळ्यांनी समाजमंदिराच्या भिंतीकडे पाहिलं. अर्धवट वर आलेले हात डोकं खाजवायला गेले. मला वाटतं त्या गावात पुरुष झिऱ्यावर बसल्याचं कुणाच्याच आठवणीत नसावं. एकटे देवरावभाऊ हात वर धरून उभे राहिले. मला त्या माणसाचा आदरच वाटला. मग बायकांतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "गुंडी कुठी ठेवली ते मले इचारू नोका."

सभा हसली. देवरावभाऊही हसले, आणि त्यांनी हात खाली घेतला. ठराव नामंजूर झाला. छायानं तसं लिहिलं.

अमेयनं बाटलीतलं पाणी संपवलं. जाताना नम्रपणे म्हणाला, तुमचं म्हणणं मी वर कळवतो, पावसाळ्यात परत येतो, तेव्हा पुन्हा बोलू.

"पावसाळ्यात नोका येऊ जी," सगुणाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात सारेच खरं बोलतात. चैतात या. दुपारी."

निघताना

आठवा दिवस बाजाराचा होता. माझी बस चारला. सकाळी सगुणाबाईंनी ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि छायाला नवीन नावं लिहायला सांगितली. मी बघत उभी होते. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, आठ दिवस तुमी सकाळच्या रांगेत होत्या, पाहुनी म्हून.

माझा चहा, माझी आंघोळ, मी मोजण्यासाठी उपसलेलं पाणी, सगळं सकाळच्या एखाद्या घराच्या वाट्यातलं होतं. कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. छायानं दुपारच्या रांगेत शेवटी माझं नाव लिहिलं. मी गुंडी घेतली आणि बारा वाजता नाल्यात उतरले. वाळू सालीनं बांधलेल्या चपलेतून भाजत होती. वाटी पिंपाच्या तळाशी खरवडायची, अर्धी भरायची, थांबायचं, पुन्हा खरवडायची. मोजणी करताना मी नुसती बघत होते. पाणी हवं असताना तीच दहा मिनिटं किती लांब होतात ते त्या दिवशी कळलं. एक गुंडी भरून सगुणाबाईंच्या दारात ठेवली, अर्ध्या वाटेत हिंदकळून थोडी सांडलीसुद्धा. त्यांनी ती वाकून बघितली आणि म्हणाल्या, जमन. म्हणजे जमेल.

देवरावभाऊ मोठ्या रस्त्यावरच्या बसपर्यंत चालत सोडायला आले. पिशवी त्यांनीच उचलली. बस आल्यावर म्हणाले, "चैताचं राह्यलंच बाई. अर्धं मोजून चालल्या."

सांगलीत नळ उघडला की पाणी येतं. परत आल्यावर दोन दिवस मी तो उघडून नुसती उभी राहत होते, शेवटी नवऱ्यानं येऊन बंद केला. भिंतींवर मी रंगवून घेतलेलं वाक्य आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर अजून आहे. त्याच्या खाली कोणतं झाड, कुठे, आणि कुणाच्या पाण्यावर, एवढं लिहायला मी परवा रंगाचा डबा आणला आणि लिहिलं. कॉलनीच्या अध्यक्षांनी विचारलं, परवानगी घेतली का? मी विचारलं, वरच्या वाक्याला कुणाची घेतली होती?

गेल्या आठवड्यात छायाचा फोन आला. सागाला पालवी फुटायला लागली आहे. भिंतीवर पाडव्यानंतरच्या पाळ्या लागल्या आहेत, आणि माझं नाव दुपारच्या रांगेत आहे. सगुणाबाईंनी सांगितलंय, बदलायचं नाही, ती मोजून जाईपर्यंत दुपारच.

मी अमेयला पत्र लिहिलं. पाडव्यानंतर पंधरा दिवस मी येनटोल्याच्या झिऱ्यावर आहे, दुपारी बारा ते चार. यावं. वाटी मी देईन, गुंडी आपली आणावी.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी माझं तिकीट काढलं आहे.